खाण बंद होते त्या पाळीत

सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबवायला सांगितलं. आमच्या डिचोलीतल्या खाणीवर त्याआधीची शेवटची दिवसपाळी फोरमन म्हणून माझ्याकडे होती. २०१२ ची खाणबंदी सगळ्यांनी भोगलेली, त्यामुळे हजेरीला उभ्या असलेल्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

पहिला प्रश्न एका वयस्क डंपर ऑपरेटरचा. "बाब, मुलाच्या ट्रकचा हप्ता आता कसा फेडायचा?" अशा वेळी 'पावसाळा संपला की सुरू होईल' हे शब्द ओठांवर येतात. ते गिळायचे. पावसाळा संपून खाण बंदच राहिली, तर फोरमनच्या कुठल्याच शब्दाला वजन उरत नाही. 'त्या बेंचखाली (खाणीच्या उतारातल्या पायरीखाली) जाऊ नका' या शब्दालाही नाही. खाणीत ते जिवावर बेततं.

मी हजेरीच्या वहीत तीन रकाने आखले : ठरलेलं, आपल्या हातातलं, अजून न कळलेलं. तिन्ही मोठ्याने वाचले. पगाराचा प्रश्न तिसऱ्या रकान्यात होता, आणि तो तिथेच आहे असं स्पष्ट सांगितलं. माझी स्वतःची नोकरीही त्याच रकान्यात होती. माणसं चिडली, पण कामाला लागली.

हातातलं काम भरपूर होतं. आमच्याकडे जूनपासून पाऊस कोसळतो आणि खड्डा तळापासून भरत येतो, म्हणून पोकलेन आणि डंपर सगळे वरच्या पक्क्या सपाटीवर आणायचे. पोकलेनची बकेट जमिनीला टेकवायची, सिलिंडरच्या उघड्या दांड्यांना ग्रीस फासायचं, बॅटरीच्या तारा सोडायच्या. डिझेलची टाकी भरून ठेवायची; अर्धी ठेवली की आत दमट हवा राहते, तिचं पाणी सुटतं आणि पुढे इंजिन सुरू करताना पंप-नोझलचा खर्च निघतो. हे काम घाईत उरकलं जातं, कारण 'आता कोण वापरणार' ही भावना हातांत उतरते. म्हणून प्रत्येक यंत्राच्या कागदावर ऑपरेटरची सही घेतली. आपलं यंत्र आपण नीट ठेवलं, एवढं तरी त्याच्याकडे राहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

उत्खनन थांबलं तरी पाणी थांबत नाही. पाणी उपसणारे पंप बंद पडले की बेंचची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उतार घसरतो. उपसलेलं पाणी थेट नाल्यात सोडलं तर गाळ खालच्या शेतांत जातो. त्यामुळे आधी गाळकुंडं उपसायची, डंपभोवतीचे, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याभोवतीचे, चर मोकळे करायचे, पायथ्याची चिऱ्यांची भिंत तपासायची, मग पंपांची पाळी लावायची.

पंपांवर माणसं थोडीच लागणार होती आणि खरी कसोटी तिथेच होती. मर्जीतल्यांना निवडल्याचा संशय आला असता तर दुपारीच काम बसलं असतं. सेवाज्येष्ठतेची यादी सर्वांसमोर वाचली, पाळ्या फिरत्या ठेवल्या आणि पुढच्या बैठकीचा वार त्याच कागदावर लिहिला. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी ती बैठक घ्यायचीच; रिकामी जागा अफवा भरतात.

माझ्यासाठी नियम दोनच होते. फोनवरच्या बातम्या जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी सुटल्यावरच बघायच्या. आणि मनातली भीती माणसांपुढे नाही, तर शेजारच्या खाणीवरच्या फोरमनशी बोलायची. तोही त्याच दिवशी आपली यंत्रं वर चढवत होता.