आईजवळच्या मावशी

आज दिवसभर मंगळवार पेठेत आईकडं होते. तिच्या देखभालीसाठी तिच्याजवळ राहणाऱ्या कामाच्या मावशींचं काम सबंध दिवस जवळून बघितलं. आई अंथरुणाला खिळलेली. मावशी दर दोन तासांनी तिची कूस बदलतात, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी सरकवतात. माकडहाडापाशी कातडी लाल दिसली की बोटानं दाबून बघतात. दाबूनही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात, हे मला त्यांनीच दाखवलं. भरवताना आईला नीट बसवायचं, जेवणानंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही. "आक्का, हा घास गिळा, मगच दुसरा," म्हणत वरणभात भरवला. किती शांतपणे!

अशा बाईला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची म्हटली की नातेवाईक कुरकुरतात. मला हे अजिबात पटत नाही. मुक्कामी राहणाऱ्या माणसालाही सलग झोप हवी असते, स्वतःचं घर असतं. म्हणून आम्हा भावंडांचं ठरलंय, रविवारी आईचं सगळं आम्ही करायचं, कूस बदलण्यासकट.

आणि हो, घरात ज्येष्ठ असतील तर १४५६७ हा नंबर लिहून ठेवा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत. सकाळी ८ ते रात्री ८.