कमल बस्तीचा खांब जस्तावर उतरवताना

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालचं, रट्ट राजघराण्याच्या काळातलं. मंडपातले काळसर खांब इतके घोटलेले आहेत की बाहेरचा उजेड त्यांच्यावर उभ्या पट्टीसारखा चमकतो. त्यातला एक खांब मला नुसत्या रेषांनी काढायचा होता. बोटानं घासून केलेली छटा त्या दगडाला शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी कागदावर निब आणि शाईनं भरपूर सराव केला. रेषांचा पहिला थर खांबाच्या गोलाईबरोबर वळणारा, दुसरा त्याला तिरपा छेदणारा. काटकोनात छेदलं की खिडकीच्या जाळीसारखं सपाट दिसतं. तीसेक अंशांत ओलांडलं की मधल्या फटी लांबट होतात आणि खांब गोल वाटायला लागतो. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५१४ चं 'मेलेन्कोलिया' हे छापचित्र त्यासाठी पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यातल्या झग्याची घडी जिकडे वळते तिकडेच रेषही वळते.

मग एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडनं रेषा खोदायच्या, त्या खाचांत शाई भरायची आणि कागदावर छाप घ्यायचा. निपाणीवरून कोल्हापूरला, एका ओळखीच्या ताईंच्या स्टुडिओत जायचो. छाप उलटा उमटतो, म्हणून चित्र आधीच उलटं करून ग्राउंड (ॲसिड अडवणारा लेप, तो खरवडला की तिथंच ॲसिड लागतं) लावलेल्या जस्ताच्या प्लेटवर घेतलं.

"दोन्ही दिशा एकदम कोरू नकोस," ताई म्हणाल्या. ॲसिड रेषेच्या कडाही खातं. रेषा दाट असल्या की मधले इवलेसे चौकोन सुटतात, शाई धरायला खाच उरत नाही आणि काळ्याच्या जागी राखाडी डाग येतो. म्हणून पहिली दिशा कोरून प्लेट पातळ नायट्रिकमध्ये सोडली. रेषांवर बुडबुडे धरतात, त्यांच्याखाली जस्त नीट खाल्लं जात नाही. ते पिसानं हलकेच सारत बसायचं. मग प्लेट धुऊन वाळवली, उजळ बाजू व्हार्निशनं झाकली आणि अंधाऱ्या बाजूला त्याच ग्राउंडमधून दुसरी दिशा कोरून पुन्हा ॲसिडमध्ये सोडली. जुन्या रेषा खोल गेल्या, नव्या उथळ राहिल्या. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढलं तेव्हा एकाच जाळीत दोन काळे दिसले, एक पुढे आणि एक मागे. निबेनं मला हे कधीच साधलं नव्हतं. चमकत्या पट्टीवर एकही रेष नाही, तो कोरा कागदच आहे.

आता बस्तीच्या छतातलं कमळ घेतलंय. पाकळ्यांखाली रेषांची तिसरी दिशा लागणार, म्हणून यावेळी तांब्याची प्लेट आणि नायट्रिकऐवजी फेरिक क्लोराइड. त्यात रेषेच्या कडा स्वच्छ राहतात.