बायपोलर, घटस्फोट आणि मुलीचा ताबा : माझा अनुभव

बायकोने घातलेल्या घटस्फोटाच्या दाव्यात माझ्या आजाराला एक अख्खं पान दिलेलं होतं. सोबत घरच्या कपाटातल्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. मध्यरात्री झोपलेल्या मुलीला उठवून मोटारसायकलवरून मोरजीच्या किनाऱ्यावर नेलं, कर्ज काढून नको त्या मशिनी घरात आणून ठेवल्या, रात्रीच्या रात्री झोपलो नाही. हे सगळं खरंच होतं. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार खचतं, कधी उतू जातं. हे उतू जाणं, म्हणजे मॅनिया, चढला की माणूस असंच वागतो. पण शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'प्रतिवादीचे वेड असाध्य असून मुलीला त्याच्यापासून कायम धोका आहे.' माझं भांडण होतं ते त्या 'असाध्य' आणि 'कायम'शी.

आम्ही डिचोली तालुक्यातले. आपल्या गोव्यात हिंदू विवाह कायदा नाही, पोर्तुगीज काळातला १९१० चा घटस्फोटाचा कायदा अजून चालतो, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. त्यात काय लिहिलंय ते मात्र कोर्टाची पायरी चढल्यावरच कळतं. त्यात घटस्फोटाच्या कारणांमध्ये वेड हे एक कारण आहेच. पण ते असाध्य हवं, कोर्टाने तसा निकाल आधी दिलेला हवा, आणि त्या निकालाला किमान तीन वर्षं झालेली हवीत. माझ्याविरुद्ध असा कुठलाच निकाल नव्हता. वकीलसाहेब म्हणाले, "हा मुद्दा टिकणार नाही. छळाचा मुद्दा टिकेल की नाही ते पुढे बघू. पण मुलीच्या ताब्याचं वेगळं. तिथे जज्ज कायद्याची कलमं कमी बघतात आणि पोरीचं हित जास्त."

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्यांनीच मला वाचायला दिला. पूर्वी उपचार घेतले किंवा ॲडमिट होता, एवढ्यावरून माणूस आजही आजारी आहे असं ठरवता येत नाही. आणि आजार असला तरी कोर्टाने तसं जाहीर केल्याशिवाय तो 'मनोविकल', म्हणजे कायद्याच्या नजरेत वेडा, ठरत नाही. तिसऱ्या कलमातली ही दोन वाक्यं मी वहीत उतरवून घेतली. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा एक निकालही त्यांनी काढला. स्किझोफ्रेनियाचं नुसतं निदान घटस्फोटाला पुरत नाही, आजार किती तीव्र आहे ते बघावं लागतं, असा. तो हिंदू विवाह कायद्याखालचा होता, तरी दाखवायला हरकत नाही म्हणाले.

कायदा बाजूने आहे म्हटल्यावर मला हुरूप आला. आता फक्त डॉक्टरांकडून 'पूर्ण बरा' असं सर्टिफिकेट आणलं की झालं! डॉक्टरांनी साफ नकार दिला. "आज तुमची तब्येत स्थिर आहे, तुम्ही गोळ्या नियमित घेता, हे मी लिहीन. पुन्हा कधीच होणार नाही असं लिहिलं तर समोरचा वकील उलटतपासणीत मला पाच मिनिटांत उघडं पाडेल, आणि मग माझ्या बाकीच्या वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही." मला राग आला होता. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मग माझ्याकडे काय होतं? रक्ताचे रिपोर्ट. मी लिथियम घेतो, मन स्थिर ठेवायची गोळी. या गोळीचं रक्तातलं प्रमाण कमी पडलं तर उपयोग नाही, वाढलं तर विषबाधा, त्यामुळे ते ठरावीक काळाने तपासावंच लागतं. रात्रीची गोळी घेतल्यावर बारा तासांनी रक्त द्यायचं, आणि सकाळची गोळी असेल तर ती नंतर घ्यायची. त्यासोबत थायरॉईड आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). हे सगळे रिपोर्ट आईने औषधांच्या बिलांसकट एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते, का ते तिलाच ठाऊक. वकिलांनी ते तारखेप्रमाणे लावले. कंपनीचं पत्रही जोडलं. कुंडईच्या कारखान्यात मला रात्रपाळी होती. झोप मोडली की माझा मॅनिया सुरू होतो, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मी कायमची जनरल शिफ्ट मागून घेतली होती. पगार थोडा घटला. पुढे कोर्टात त्या घटलेल्या पगाराचीच स्लिप कामाला आली.

कोर्टाने तपासणीसाठी मला बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात पाठवलं. मला वाटलं होतं, कोड्यात टाकणारे काही प्रश्न विचारतील. पण विचारलं ते अगदी घरगुती. गोळी कोण देतं? चुकली तर काय करता? तब्येत बिघडतेय हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येतं, तुमच्या की आईच्या? मुलगी घरी असताना बिघडली तर?

शेवटच्या प्रश्नावर मी गप्प बसलो. उत्तर नव्हतंच माझ्याकडे. परतताना बसमध्ये डोक्यात तेवढंच घोळत होतं. बायकोची भीतीही हीच होती की. मी आज कसा आहे हे तिला दिसत होतं, पण मी बिघडेन त्या रात्री पोर कुठे असेल, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर, आई आणि मी बसून ते लिहून काढलं. सलग दोन रात्री झोप चार तासांच्या खाली गेली, की मी स्वतः मुलीच्या आईला फोन करायचा आणि ती भेट रद्द. मी नाही केला तर माझ्या आईने करायचा. मुलगी मुक्कामाला असेल तर आजी तिला लगेच पोचवेल. त्या काळात मी मोटारसायकलची किल्ली भावाकडे देईन. डॉक्टरांचा लेखी होकार आला की भेटी पुन्हा सुरू, त्यासाठी वेगळा अर्ज नको. २०१७ च्या कायद्यात आपल्या उपचारांबद्दल आगाऊ लिहून ठेवायची आणि आपला माणूस नेमायची सोय आहे. तेही केलं, भावाला नेमलं.

हा कागद बायकोच्या वकीलबाईंमार्फत तिच्याकडे गेला आणि वाटाघाटीचा सूरच बदलला. 'पूर्ण बरा' म्हणणाऱ्या माणसावर तिने विश्वास ठेवला नसता, आणि का ठेवावा?

पुढे ती दावा मागे घेऊन परस्परसंमतीला तयार झाली. त्यालाही आपल्या कायद्यात अटी आहेत. दोघांचं वय पंचविसावर हवं, लग्नाला दोन वर्षांहून जास्त झालेली हवीत. मालमत्तेची यादी किमतींसह द्यायची, मूल कोणाकडे राहणार आणि खर्च कोण किती देणार तेही लिहून द्यायचं. आधी एक वर्षाचा तात्पुरता घटस्फोट, नंतर कायमचा. जज्जसाहेबांनी मुलीला चेंबरमध्ये बोलावून एकटीशी बोलणं केलं. काय बोलली ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मुलीचा ताबा तिच्या आईकडे. माझ्याकडे रविवार, आधी आजीच्या देखरेखीखाली, नंतर शनिवारचा मुक्कामही. सगळ्यात जास्त घासाघीस झाली ती चवथीवरून, म्हणजे गणेश चतुर्थीवरून. दोन्ही घरचे गणपती, आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायला पोर दोन्हीकडे हवीच! शेवटी एक वर्ष तिच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे असं ठरलं.

गेल्या पावसाळ्यात त्या कागदातलं झोपेचं कलम वापरायची वेळ आली. दोन रात्री झोप नाही, डोक्यात योजनांचा पूर. तिला फोन केला. "बरं, कळव मग," एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी औषध वाढवलं, काही रविवार चुकले, डॉक्टरांची चिठ्ठी गेली आणि मुलगी परत यायला लागली. कोर्टात कोणी गेलं नाही. तेव्हाची चवथ तिच्या वाट्याची होती. हुकलेल्या रविवारांच्या बदल्यात मुलीला पहिल्या दिवशी माझ्याकडे पाठवशील का, असं मी विचारून बघितलं. ती नाही म्हणाली. ठरलं होतं तसंच झालं.