'लटिर'

दुपारी चारला प्रेसमधून फोन आला. "मॅडम, आलेखात 'लटिर' असंच छापायचंय का?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांसाठी आम्ही विहिरींच्या पाण्याचं पत्रक करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा. आकडे मी तीनदा तपासले होते. फ्लोराइडची मर्यादा 1 मिलिग्रॅम प्रतिलिटर, पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर 1.5, अशा दोन तुटक रेषा काळजीपूर्वक आखल्या होत्या. अक्षाखालची अक्षरं मात्र नजरेखालून नुसती गेली होती. जे टाइप केलं होतं तेच मी तिथे वाचत होते.

मोठं करून पाहिलं. 'लि'ची वेलांटी ल सोडून ट वर झुकलेली, 'फ्लो' तुटून फ खाली हलंत लटकलेला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवतात. ती आधी आणून काढणं, जोडाक्षर जुळवणं हे चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमचं काम, आणि आलेख काढणारी आमच्याकडची मॅटप्लॉटलिब ही पायथॉन भाषेतली लायब्ररी साठवलेल्या क्रमानेच एकेक अक्षर मांडत होती.

नुसती मराठी असती तर लेबलं वेगळी टाइप करून चिकटवली असती. पण नायट्रेटच्या आलेखात सूत्रही होतं: एन, ओ, खाली 3, वर उणे. पाणी तपासणीच्या कागदावर हेच सूत्र असतं. दोन्ही कागद शेजारी धरून लोकांना ताडून बघता यावं, म्हणून ते मला काढायचं नव्हतं. डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये लिहिलं की सूत्र सुरेख उमटायचं. बाहेरची मराठी मोडायची.

शेवटी लेबलं झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमकडून लिहून घ्यायची ठरवली, मॅटप्लॉटलिबला त्याच्याशी जोडणाऱ्या पीजीएफ बॅकएंडमधून. फाँटसोबत लिपी देवनागरी आहे असं वेगळं सांगावं लागतं. ते विसरले आणि पुन्हा 'लटिर'. सांगितल्यावर वेलांटी जागेवर आली. मग शीर्षक ठळक करायला 'टेक्स्टबीएफ' ही आज्ञा बॅकस्लॅश लावून लिहिली, तर तिथे 'ईएक्सटीबीएफ' अशी इंग्रजी अक्षरं! बॅकस्लॅशपुढे टी आला की पायथॉन त्याचा टॅब करतो. सूत्राची आज्ञा एम ने सुरू होते, म्हणून ती इतके दिवस बिनबोभाट चालली होती. बॅकस्लॅश जसाच्या तसा राहावा म्हणून अवतरणाआधी आर लावला, तेव्हा सुटलं.

एकक मी आधी आमच्या अहवालासारखं लिहिलं होतं, लिटरच्या डोक्यावर उणे एक. महिरपी कंस राहिल्याने उणे वर आणि एक खाली पडला होता. कंस घालायला हात गेला, पण थांबले. हे पत्रक विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईने वाचायचंय. घातांक काढून सरळ 'प्रतिलिटर' लिहिलं.

साडेसातला फाइल पाठवली. प्रेसमधल्या काकांना फोनवरच सगळी लेबलं मोठ्याने वाचायला लावली, एकेक.

"फ्लोराइड, मिलिग्रॅम प्रतिलिटर," ते म्हणाले. "लावू का मशिनवर?"