गोल कानशीचा आकडा

सोलापूरच्या उन्हात शेगडी पेटवणं म्हणजे वेडेपणा, म्हणून आकडा घडवायचं हे काम पहाटेच. कुंकवाचा लाकडी करंडा लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, कोरताना सरळ पटाशी तळाशी नुसती खरवडते, धागे उपटते. तिथे आकडाच हवा, म्हणजे टोकाशी वाकवलेलं धारेचं हत्यार. मधून काठाकडे ओढला की ओली साल निघावी तसा भुसा निघतो.

भंगारातून ८ मिमीची जुनी गोल कानस आणली. लाल करून रात्रभर राखेत निवू दिली, मग मऊ झालेले दाते घासले. पुन्हा लाल करून टोक वाकवताना पहिला आकडा मोडला. चूक माझीच, लाली उतरल्यावरही ठोकत बसलो. दुसरा जमला. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवला आणि थेट गोडेतेलात! घरभर भज्यांचा वास. बायको म्हणाली, "अहो, आता पीठही कालवू का?"

असं पाणी दिलं, म्हणजे तापवून झटकन निववलं, की पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून टोक चकचकीत घासून मागच्या बाजूने मंद आचेवर धरलं. ज्वारीच्या वाळल्या कडब्याचा पिवळा रंग टोकाशी आला, की लगेच बुडवायचं. निळा चढला तर धार टिकत नाही, पुन्हा पहिल्यापासून.

मूठ बाभळीची, चांगली दीड हात लांब. आकडा लाकडात अडकला की मनगटाला असा झटका देतो ना!