वीस वाव तंगूस

'दिवाळीनंतर मालवणला ट्रोलिंग करायला चाललोय,' असं पुण्यातल्या मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, 'त्याला मालवण कशाला? घरी बसून फोनवर कर की!' मामाला सांगितलं तेव्हा तर त्याचा चेहराच बदलला. त्याने 'ट्रॉलिंग' ऐकलं. किनाऱ्यालगत घुसून तळ खरवडणारे ट्रॉलर आणि इथले किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले, छोटे होडीवाले यांचं भांडण जुनं आहे. मालवणात हा शब्द सहज तोंडातून काढू नये. मग मी हातवारे करून समजावलं, की होडी हळू चालवायची आणि मागे दोरीला लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा खोटा मासा बांधून ओढायचा.

'गरवूक जावचा म्हण मगे,' मामा म्हणाला. 'एवढा इंग्लिश कित्याक?' गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं.

मामा देवबागचा. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोकावरचं हे गाव, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. दिवसा तो पर्यटकांना संगमावर आणि 'त्सुनामी आयलंड'वर फिरवतो. फायबरची होडी, मागे नऊ पॉइंट नऊ हॉर्सपॉवरचं इंजिन. मला हवा होता चोणक. रायगडकर ज्याला जिताडा म्हणतात आणि मुंबईच्या बाजारात जो खजुरी म्हणून मिळतो, तोच. खाडीतला मासा, अंधार पडला की कांदळवनाच्या कडेने शिकारीला निघणारा.

दिवस मामाने ठरवला, कालनिर्णय बघून. मी फोनवर भरतीचं ॲप उघडलं, तोवर त्याचं तोंडी गणित झालं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. कार्तिक वद्य दशमी, दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे संध्याकाळी साडेसातला भरती पूर्ण, मग मध्यरात्र उलटेपर्यंत ओहोटी. चंद्र उगवणार एक वाजल्यानंतर, म्हणजे सगळी ओहोटी काळोखात. शिवाय अष्टमीच्या पुढेमागे भांगाचं पाणी, त्याला ओढ कमी, त्यामुळे गढूळही कमी. उधाणाच्या दिवसांत पानं-काटक्या इतक्या वाहून येतात, की गळाला दुसरं काही लागतच नाही. माझ्या ॲपमध्ये पाच-दहा मिनिटांचा फरक होता. कोण बरोबर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी पुण्याहून गळाची चांगली काठी आणि रीळ नेलं होतं. मामाने ते कौतुकाने हातात घेतलं आणि कोपऱ्यात उभं केलं. माझे खोटे मासे मात्र त्याला पसंत पडले. त्यातला एक काळपट, वीतभर लांबीचा त्याने निवडला. रात्री खालून वर बघणाऱ्या माशाला आकाशापुढे काळी आकृतीच ठळक दिसते, रंगबिंग सगळा दिवसाचा खेळ. माझी बारीक दोरी कापून त्याने पुढे जाड तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोरीचा, दोन वाव तुकडा जोडला. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी. चोणकाच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पातीसारखी असते, बारीक दोरी तिला घासली की संपलं.

'काळोखात काठी काय सांगता ता तुका कळाचा नाय. दोरी बोटार घे.'

आठला निघालो. अंगात लाइफ जॅकेट, होडीच्या काठीवर एकच पांढरा दिवा, टॉर्च बंद. इंजिन अगदी खालच्या वेगावर, माणूस रमतगमत चालेल इतपत. हात पसरून मोजत वीस वाव दोरी सोडली आणि तर्जनीवर घेऊन बसलो. दोरीतून एक बारीक, एकसारखी थरथर येत होती. खोटा मासा शेपूट हलवतोय, एवढाच तिचा अर्थ. पुढचे तीन तास मी ती थरथर वाचायला शिकलो, आणि बहुतेक वेळ चुकीची वाचली.

मामा सुकाणूवर, माझ्याकडे पाठ करून. मध्येच विचारायचा, 'काय आसा?'

थरथर थांबली आणि दोरी नुसतीच जड झाली, तर पान अडकलंय, आत ओढून काढायचं. टकटक लागली तर वाळू. दोरी ढिली सोडली की तरंगणारा खोटा मासा आपोआप वर येतो. करकर लागली तर कालवांचा खडक, तिथेही ढिलीच सोडायची, पण लगेच. मी घाबरून ओढली आणि साडेसातशे रुपये खडकात ठेवून आलो. ताण रबरासारखा येऊ लागला तर कुणाचं तरी जाळं. तेव्हा इंजिन बंद करून हलक्या हाताने सोडवायचं, नाहीतर सकाळी बंदरावर शिव्या ठरलेल्या. एकदा मी 'मासा! मासा!' म्हणून ओरडलो आणि दुधाची पिशवी वर आली. मामा हसला नाही, हे जास्त लागलं.

पहिला चोणक लागला तो नऊ-साडेनऊला. हिसका बसला आणि मागे काळोखात कुणीतरी थाळी पाण्यावर आपटावी तसा आवाज झाला. तो उडी मारून डोकं झाडत होता. दिसलं काहीच नाही. मी आवाजाच्या दिशेने बघत बसलो, दोरी ताणायची विसरलो, आणि बोटावरचा भार गेला.

'सुटलो,' मामा न वळताच म्हणाला.

संगमाजवळ गेलो तर पाणी पेटलेलं. होडीच्या कडेने हिरवट-निळ्या ठिणग्या, दोरी पाण्यात शिरते तिथे उजेडाची रेघ. मी खुळ्यासारखा हात बुडवून बसलो. मामाने होडी सरळ परत फिरवली. 'पाणी पेटला काय चोणक येवचो नाय.' मुखाशी पाण्याखाली साचलेल्या वाळूच्या पट्ट्याकडे, 'बारा'कडेही रात्री जायचं नव्हतंच, तिथे लाट कधी उभी राहील याचा नेम नाही.

अकराच्या सुमारास, कांदळवनातून एक व्हाळ खाडीत उतरतो तिथे मामाने वळण घेतलं. वळताना आतल्या बाजूची दोरी सैल पडते, खोटा मासा क्षणभर रेंगाळतो. तिथेच थांबला. खडक, असं मी म्हणणार होतो. मग खडक बाजूला सरकला.

'काय आसा?'

'मासो!' माझ्या तोंडून मालवणी कशी आली कोण जाणे.

'ढील देव नको.'

हातावर हात टाकत ओढली. दोन उड्या झाल्या, दोन्ही वेळा ताण सोडला नाही. तर्जनीला तंगूस चिरत गेलं ते नंतर कळलं. होडीजवळ आल्यावर मामाने टॉर्च लावला. पाण्यात निखाऱ्यासारखा एक लालसर डोळा पेटला. मी हात घालायला गेलो, तर मामा ओरडला, 'मेल्या, गळ हातात घुसतलो!' त्याने दांड्याच्या जाळ्याने मासा वर घेतला.

घरच्या तागडीत तीन किलोला थोडा कमी भरला. मी गाबोळीचं, म्हणजे माशाच्या अंड्यांचं विचारलं. 'लहान चोणकाक गाबोळी गावत नाय,' मामा म्हणाला. मी वाचलं होतं ते आठवलं, हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. मामाला सांगितलं. त्याने माझ्याकडे, मग माशाकडे बघितलं आणि खवलं काढायला घेतली.

मामी आतून आली. 'उद्या एकादशी आसा, ठावक नाय तुमका? चोणक घेवन इलास!'

तुकडे करून हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये गेले, द्वादशीपर्यंत. मी बोटाला चिंधी गुंडाळत होतो. मामाने दिवा मालवता मालवता विचारलं, 'उद्या भरती केवा?'

अकराची पाऊणपट. 'सव्वाआठ,' मी म्हणालो.