डभोईची अडीच फुटी

बाबांच्या वर्षश्राद्धासाठी आत्याला घेऊन बडोद्याच्या प्रतापनगर स्टेशनहून रेल्वेने नर्मदाकाठच्या चांदोदला गेलो. विधी झाले, नर्मदेत बुडी मारली, गुरुजींशी दक्षिणेवरून थोडं वाजलं. ते असो.

परतताना आत्या वाटेतल्या डभोई स्टेशनला उतरायचंच म्हणून बसली. "लग्न झालं तेव्हा इथेच उतरवलं मला, डोक्यावर पदर, हातात नारळ." दुपारी एकचं ऊन आणि माझं पोट रिकामं. चिडतच उतरलो. समोर २०२१ची नवी इमारत, चकचकीत, कुठल्याही शहरात खपून जाईल अशी. मला काहीच वाटलं नाही. आत्या मात्र भिंतीला हात लावून जुनं स्टेशन शोधत होती.

"तेव्हाची अरुंद रुळांवरची छोटी गाडी केवढी होती, सांगू?" तिने काठी फरशीवर आडवी ठेवली आणि टोकाकडची चार बोटं सोडली. "दोन रुळांत एवढंच अंतर."

घरी येऊन पाहिलं तर ७६२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अडीच फूट. म्हातारीचा अंदाज!

आणि ही लाईन १८६२ची. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी डभोईपासून मियागामपर्यंत, मुंबईच्या मोठ्या लाईनीला जोडायला, वीस मैलांचे रूळ टाकले आणि गाडीला जुंपले बैल! १८६३ला इंजिन आणलं, पण एक यार्ड लांबीला जेमतेम १३ पौंड वजनाचे ते रूळ त्याचं ओझं पेलेनात. पुन्हा बैलच. १८७३ला भक्कम रूळ आले, तरी इंजिनं नेमाने धावायला १८८० उजाडलं. मग मियागाम, बडोदा, चांदोद, छोटा उदेपूर, टिंबा असे चहूकडे फाटे फुटले. मी बडोद्यातल्या दांडिया बाजारात वाढलो, शाळेत सयाजीरावांवर निबंध लिहून बक्षीसही घेतलं, पण त्यांच्याआधीच्या महाराजांची ही बैलगाडी-रेल्वे मला पन्नाशीत कळली.

लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मुलांना 'छोटी गाडी' दाखवायला मी दोनदा माथेरानला गेलोय. हॉटेलचे दर ऐकून घाम फुटला होता. आणि तासाभरावरच्या या गाडीत एकदाही चढलो नाही. "उद्या जाऊ" म्हणता म्हणता अरुंद रूळ जाऊन रुंद रूळ आले.

आत्याला विचारलं, बैल कधी पाहिलेस का?

"मी काय १८६२ची आहे का रे?" म्हणाली, आणि काठी उचलून चहाच्या टपरीकडे निघाली.